शेहेचाळीस ओहम

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
नॅपकिनच्या घड्या पडतात त्या पत्र्याखाली
लचमक्काची इस्त्री.
थर्मोस्टॅट कधीच जळालाय, कुणीतरी तार थेट जोडून दिली,
तेव्हापासून तिला थांबणं माहीत नाही.
अक्कालाही नाही.

मी आयटीआयचा, वायरमन ट्रेड, दुसरं वर्ष.
खिशात टेस्टर, कमरेला उसना क्लॅम्प मीटर.
अक्का मला नावानं हाक मारत नाही,
‘ए मीटर’ म्हणते.

बिराजदार मुकादमाच्या वहीत लिहिलंय :
दुपारी तासाला अकरा डझन,
संध्याकाळी सात.
‘सहा वाजले की बाईचे हात जड होतात’
असं म्हणून तो पेन्सिल कानावर ठेवतो,
आणि शनिवारी पाकीट थोडं हलकं येतं.

अक्का भांडत नाही.
इस्त्रीच्या बुडाला पाण्याचा थेंब मारते,
चर्र कसं होतं ते कान देऊन ऐकते,
‘आज पण उपाशी आहे ही,’ म्हणते.

ते वाक्य मी मोजायचं ठरवलं.

दुपारी दोन. बाहेर बेचाळीस, पत्र्याखाली विचारू नका.
सॉकेटवर दोनशे तीस व्होल्ट.
क्लॅम्प आधी दोन्ही वायरींना एकदम धरला, शून्य आलं.
जाणारा आणि परतणारा एकमेकांना खोडतात,
सरांनी दहादा सांगितलं होतं.
एकच वायर सुटी केली : पाच अँपिअर.
खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मांडलं.
दोनशे तीस भागिले पाच, शेहेचाळीस. हा रोध.
दोनशे तीस गुणिले पाच, अकराशे पन्नास वॅट. ही शक्ती.

संध्याकाळी साडेसहा.
एका डीपीवर सगळी लाईन : माग, सायझिंग, पिठाची गिरणी,
पलीकडे मंगल कार्यालयाच्या माळा.
एकशे चौऱ्याऐंशी व्होल्ट. चार अँपिअर.
भागाकार : शेहेचाळीस.
परत केला. शेहेचाळीस.
तार तीच, अभ्रक तोच, अक्काचं मनगटही तेच.
मग गुणाकार : सातशे छत्तीस.

दाब गेला पाचवा हिस्सा,
ऊब गेली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.
दाब उतरला की प्रवाहही उतरतो,
एका घरातल्या दोघांचं काम
एकाच महिन्यात सुटावं तसं.

अकरा डझन गुणिले शून्य पॉइंट चौसष्ट :
सात डझन, वर अर्धा नॅपकिन.
मुकादमाची वही आणि माझा पुठ्ठा
अर्ध्या नॅपकिनच्या फरकानं जुळले.

पुठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला.
त्यानं दोनदा वाचला, कॅल्क्युलेटरवर बोटानं तपासला.
‘बरोबर आहे,’ म्हणाला. वाईट माणूस नाही तो.
पुठ्ठा पालथा करून मागे लिहिलं :
उद्यापासून लचमक्का, पहाटे पाच ते एक.
पहाटे लाईन फुल्ल असते.

गेलेले शनिवार कुणीच काढले नाहीत. मीही नाही.

सांगायला मलाच पाठवलं.
अक्काला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
ती ५ कडे बघत राहिली.
पाचला इथे म्हणजे साडेतीनला उठणं,
पाणी, डबा, अंधारातून पायी.
हे कशानं भागायचं
ते आम्हाला शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो, कुणी बोलावलं नव्हतं.
सॉकेटवर दोनशे अडतीस.
अक्कानं पदर खोचला, थेंब मारला.
चर्र नाही, थेंब टुणकन उडालाच.
‘एंत?’
‘बाराशे एकतीस.’
‘डझनात सांग.’
मी पुठ्ठा शोधला, मग तळहातावरच केलं.
‘तासाला पावणेबारा होतील, अक्का.’

तिनं पहिला नॅपकिन ओढला,
कोपऱ्याला कोपरा लावला,
आणि मान वर न करता म्हणाली,
‘मुकादमाला अकराच सांग.’