शेरा

संगणकात सूर्य वायव्येला ठेवतात.
सगळे तसंच करतात, मीही केलं.
नाहीतर डोळा फसतो,
डोंगराच्या जागी खड्डा दिसतो
आणि नाला वर येतो पाठीच्या कण्यासारखा.

सुगरती बेठेकर लॅपटॉपवर वाकून म्हणाली,
ऊन उलटं हाय.
ही बाजू अशी कधी उजळतच नाही.
मी म्हटलं, नकाशात चालतं.
तिनं पदर खोचला, चाळण्या उचलल्या.

सेमाडोहच्या पुढे, सिपनेला मिळणारा
बिननावाचा नाला. निदान माझ्या पत्रकात बिननावाचा.
मार्च. मोह नुकता टपकू लागलेला,
डोहात घोट्याएवढं पाणी,
आणि काळे गोटे असे तापलेले
की ड्रोनखाली ओलं पोतं अंथरावं लागलं.
ते वर गेलं तशा ढाण्यावरच्या कोंबड्या
टोपल्याखाली शिरल्या.
त्यांच्या लेखी आभाळात पंखवालं जे जे, ते एकाच वर्गात.

माझ्याकडे वर्ग पाच.
धोंडे करडे, खडे जांभळे, वाळू पिवळी, गाळ तपकिरी,
आणि पांढरा, न कळलेल्याचा.
उपग्रहाच्या एका चौकोनात
अंगणासकट एक घर मावतं.
ड्रोनच्या चौकोनात माझा तळहात.
त्याहून बारीक जे असेल
ते हातानंच बघायचं.

"गेल्या साली लय गाय आली,
या वयणावर मावे ना,"
जीपमधून उतरत नीळकंठभाऊ म्हणाले.
मी नाशिककडची. लिहून घेतलं:
पुरात गुरं वाहून आली.
दुपारच्या भाकरीला कळलं,
त्यांचा ळ तोंडातच विरघळतो, गाय म्हणजे गाळ.
वहीत खोडलं नाही.
उतरला असेल तसाच, मान खाली घालून,
आणि उतार संपला तिथं बसला असेल रवंथ करत.

पडद्यावर तो पंख्यासारखा दिसतो,
मूठ डोंगराकडे.
मुठीत धोंडे, मधे वाळू, कडेला तपकिरी झालर,
पुस्तकात असतो तसाच.
फक्त मधोमध पांढऱ्याचे दोनचार ठिपके.

नमुना सतरा तिथला.
सुगरती चाळणी हलवते ती मनगटानं नाही, कमरेतून,
कुटकी चाळावी तशी.
दोन मिलिमीटरच्या जाळीवर खडे नाचले, थांबले,
त्यांच्यात एक लाल तुकडा,
कडा झिजलेल्या,
पाठीवर बोट ओढल्याची रेघ.

कवेलू, ती म्हणाली.
आणि नाल्याच्या वर पाहिलं नाही,
जिथं माझ्या उंचीच्या मॉडेलात
नुसता सपाट पट्टा आहे, उतार दोन अंश.

काढून टाकू? हा काही दगड नव्हे.
"काहून? डोंगरावरूनच तर आला."
तिनंच तो तराजूत ठेवला, बाकीच्या खड्यांत.
नऊ ग्रॅम.
"जसमायच्या घरचा असंल. नाहीतर आमचा.
कुंभार एकच होता.
त्याच्या बोटाले कापेल होतं,
पाह्य, रेघ मधी तुटते."

तुटत होती.

रात्री परतवाड्याच्या लॉजवर
मी सूर्य हलवला.
पूर्वेला आणला, क्षितिजाच्या अगदी जवळ,
सुगरती पाण्याला निघते त्या वेळचा.
सगळा गाविलगड उलटा झाला, पोटात गेला.
सपाट पट्ट्यावर मात्र
सरळ कडांच्या चारपाच सावल्या पडल्या.
जोती की खड्डे, सांगता येईना.

मग बिंदू सतरा उघडला.
रंग भरला, खोली भरली, कणाचा आकार.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात,
आणि यंत्र काना, मात्रा, अनुस्वार सुटे मोजतं.
लिहिलं:
कवेलू. कुंभाराच्या बोटाला कापलेलं होतं

दोन जागा उरल्या.