साडेपाच हात

ढेप कापायची ती भांगाच्या दिवसांत,
पाणी वरपर्यंत चढत नसताना.
उधाणातली माती हातात ठरत नाही,
धाकू म्हणायचा,
आणि लाकडाचं पातं चिखलात सोडायचा
खरवसात सुरी घालावी तसं.
वीतभर जाड, हातभर लांब.
उचलून पोटाशी धरायची, तान्ह्यासारखी,
पण तान्हं इतकं गार नसतं.

आधी बांध झाला. त्याला तीन वर्षं.
सहा घरं, सतरा माणसं, एक होडी,
गोडं पाणी धरमतरच्या पलीकडे.
घर मग उरलेल्या मातीचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा भिंत ओली होती.
टेकले,
तर शालूवर घराचा डाग पडला.
सासू नव्हती, चूल कुठे मांडायची
ते सांगायला कुणीच नव्हतं.
वारा कमी होता तिथे मी मांडली.

पेंढ्यात चुकून राहिलेले दाणे
महिन्याभरात भिंतीतून वर आले.
कोनाड्यात, दाराच्या डोक्यावर, निजताना उशाशी,
हिरवागार राता.
शेताआधी घर पिकलं, धाकू हसला.
मी काही ते कापलं नाही.
कमळ्याच्या शेळीने खाल्लं.

पावसात भिंतीतून चिंबोऱ्या निघत.
जागा त्यांचीच,
आम्ही नुसती ती उभी केली होती.
उन्हाळ्यात लोणा फुटे, पांढरा, पिठूळ.
गोमी जीभ लावायची. मी ओरडायचे.
एकदा कुणी नाही असं बघून
मीही लावली.

पिठोरीच्या रात्री खांड गेली.
आधी दोन हात, कंदील आणेपर्यंत पाच.
माती खणायची जागा पाण्याखाली.
धाकू घरात आला,
भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मागची भित पारा."

चूल मी आधी उचलली, निखाऱ्यांसकट.
मग पहिला घाव मीच घातला,
कारण बाकीचे थांबले होते.
मातीची भिंत कोसळत नाही.
बसते. दिवसभर लावणी केलेल्या बाईसारखी.

हातोहात गेली सगळी, अंधारातून.
एका ढेपेवर गोमीच्या उंचीची
कोळशाची रेघ होती,
ती कुणाच्या हातून गेली
कळलं नाही.
पहाटे पाणी वाजत होतं,
पण बाहेरच्या अंगाला.

भादवा आणि आश्विन
आम्ही तीन भिंतींत राहिलो.
चौथीकडे शेत होतं.
जेवता जेवता ते पोटऱ्यात आलेलं बघितलं.

परवा मोजणीदार आला, फीत घेऊन.
घर किती, म्हणाला.
दाखवलं, हे एवढं. आणि पुढे
उघाडीच्या डाव्या हाताला
बांधात साडेपाच हात.
ते त्याने लिहिलं नाही.
नको लिहू, म्हटलं.
पण तिथून जाशील तर चपला काढ बाबा,
माझं स्वयंपाकघर आहे ते.