पेन्सिलीचा रकाना

दवाखान्याची नोंदवही एकवीस वर्षं माझ्याकडे आहे.
राजधानीतून छापून येते, तेरा रकान्यांची:
नाव, वय, गाव, आली कधी, गेली कधी.
न आलेल्यांसाठी रकाना नसतो.

तेव्हा बाळंतखोलीत चार खाटा होत्या,
चारही वर्षभर इस्त्री केल्यासारख्या.
वरून पत्र आलं: लोक अडाणी आहेत, जागृती करा.
पाठोपाठ पोस्टरं, हसऱ्या बाईची,
तिच्यासारखे केस या पठारावर कुणाचेच नाहीत.
दोन दिवस प्रशिक्षण झालं. बिस्किटं चांगली होती.
खाटा तशाच.

जूनमधल्या कडाक्याच्या पहाटे
बटाट्यांच्या ट्रकमधून बेनिता चोकेवांका आली.
फाटकापाशीच संपलं.
मी पेन काखेत धरून शाई वितळवली
आणि लिहिलं: मृत आणली. वय चोवीस.

बैठक नेहमीसारखी सुरू झाली.
रात्रपाळीला कोण होतं, गाडीची किल्ली कुणाकडे होती,
जो तो हात झटकत होता.
नर्स निएवेस उठली, बाहेर गेली,
बाकावरच्या सासूशेजारी तासभर बसली.
परतली ती एकच शब्द घेऊन:
थंडी.

थंडी, आणि तिच्यामागून बाकीचं.
तुमचं टेबल लोखंडाचं. तुमचे हात गार.
परकर उतरवता, दिवा डोळ्यांवर मारता,
आणि वार बादलीत टाकता.
आम्ही ती उंबऱ्याशी पुरतो.
तुम्ही तिचं काय करता, कधी सांगितलंत?

कुणी विचारलंच नव्हतं.
मीही नाही, आणि मी तर आयमारातच रडायला शिकलो.

डॉक्टर उर्किदी म्हणाले, जंतू. म्हणाले, नियम.
निएवेसने वाद घातला नाही, शेगडी आणली.
मग जाड पडदा. मग तुळईला दोर, धरून कळा द्यायला.
मेंढीच्या कातड्यावर तीन बैठका गेल्या,
शेवटी ठरलं: रोज उकळत्या पाण्याने धुवायचं
आणि धुणाऱ्याने सही करायची.
सुईण तोमासा यानारिकोला आत बोलावलं,
जिला अकरा वर्षं आम्ही बाहेरच्या बाकावर बसवत होतो.
आत आली, पण टोपी काढली नाही.

पहिलीच बाई उकिडवी बसली.
डॉक्टर जमिनीवर गुडघे टेकून वाकले,
दोन्ही गुडघे कडाकडा वाजले.
तोमासा म्हणाली, "खाली बसल्याशिवाय
वरून येणारं झेलता येत नाही, डॉक्टर."
त्यांनी तिला शिकवलं, रक्त किती म्हणजे फार.
तिने ते लोकरीच्या धाग्यात गाठी मारून ठेवलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.
शेगडी दोनदा बिघडली, एकदा धुराने सगळे खोकत अंगणात.
दोन नर्सनी बदली मागितली.
आणि जानेवारीत खाटा पुन्हा रिकाम्या,
पूर्ण महिनाभर, कारण कळेना.
नव्या शिपायाने एकीची वार कचऱ्यात टाकली होती.
आमच्याआधी डोंगराला कळलं होतं.
आम्ही चौघं चढ चढून तिच्या घरी गेलो.
डॉक्टरांनी माफी मागितली, मोडक्यातोडक्या आयमारात.
तिने बटाट्याचं सूप दिलं, बोलली काहीच नाही.

परत येऊन मी पट्टी घेतली
आणि चौदावा रकाना आखला, पेन्सिलीने:
का आली नाही.
निएवेस दर महिन्याला विचारून येते, मी भरतो.
नदी चढली होती. लामांजवळ कुणी नव्हतं.
नवरा नको म्हणाला. तुमचा पहारेकरी ओरडतो.
(त्या बैठकीला पहारेकरीही होता, टोपी हातात धरून.)

आता उर्किदींची बदली झाली आहे.
नवे डॉक्टर काल आले, नवी वही आज,
पुन्हा तेरा रकान्यांची.
मी रेघ ओढत होतो तेव्हा ते मागे उभे राहिले.
हे काय? छापील नमुन्यात तर नाही.

मी शेगडीजवळची खुर्ची पुढे केली.
बसा, म्हटलं.
एक बाई होती, बेनिता नावाची.