उजव्या पायाचा गियर

शोरूमच्या पोरानं किल्ली हातात ठेवली
तेव्हा मी आधी टाकीवरच्या तीन बंदुका पाहिल्या.
त्याच, एकमेकींना टेकून उभ्या,
पण कोऱ्या.
आमच्या घरच्या बंदुका बाबांच्या गुडघ्यानं
घासून घासून पुसल्या गेल्या होत्या
मी आठवीत जाईपर्यंत.

बाबांची बीएसए छप्पन सालची.
अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधला एक ड्रायव्हर
ऑस्ट्रेलियाला जाताना देऊन गेला,
साडेअकराशे रुपयांत, आणि वर एक शिलाई मशीन.
मशीन आईचं होतं.
या वाक्याच्या पुढं
आमच्या घरात कोणी कधी गेलं नाही.

ती चालू करायची म्हणजे
पेट्रोलची तोटी उघडा,
कार्ब्युरेटरची कळ दाबून धरा बोट ओलं होईस्तोवर,
स्पार्कचा दांडा मागं,
पिस्टन कुठं अडलाय ते तळव्यानं ऐका,
मग किक.
एकदा उलटी बसली, नडगी फुटली.
पाहुणे आले की बाबा पायजमा वर करून
तो व्रण दाखवत, मेडल असल्यागत.
मला म्हणत, "तुह्यानं नाही होत पोरी, वजन पाह्य तुहं."
विलासला कोणी वजन विचारलं नाही.
तो माझ्याहून काडी होता.

नवीला अंगठा पुरतो.
चोपन्नाव्या वर्षी, प्रॉव्हिडंट फंडातल्या पैशांनी,
मी अंगठा ठेवला
आणि काहीच झालं नाही असं वाटलं,
इतक्या हळू ती जागी झाली.

इंजिनावरच्या पात्या अजून तशाच कोरलेल्या,
वारा खायला बसल्यासारख्या,
पण आत पाणी फिरतं, काम ते करतं.
सेहेचाळीस डिग्रीत, व्हरायटी चौकाच्या सिग्नलला
तिचा पंखा आपसूक सुरू होतो
घरच्या कूलरसारखा घरघरत.
जुनी त्याच चौकात रुसून बंद पडायची.
मग बाबा तिला ढकलत लिंबाच्या सावलीत नेत
आणि स्वतः उन्हात उभे राहत.

मोमिनपुऱ्याच्या कय्यूम मिस्त्रींनी
यंदा जुनी पुन्हा बोलती केली.
किक त्यांनी मारली, कबूल करते.
कडबी चौकापर्यंत मी राणी होते.
मग एक ऑटो आडवा आला
आणि माझ्या उजव्या पायानं, नवीच्या सवयीनं,
ब्रेक म्हणून जे दाबलं
तो गियर होता.
ती वरच्या गियरमध्ये गेली, धापा टाकत, हसत असावी.
ब्रेक डाव्या पायाखाली, साठ-सत्तर वर्षांपासून
तिथंच वाट पाहत बसलेला.
ऑटोवाला म्हणाला, "काकू, कोनाची उचलून आनली?"
तेवढ्यात चार माणसं जमली.
एकानं टाकीवर हात ठेवला, परवानगी न घेता.
नवीभोवती कोणी जमत नाही.
किंमत विचारतात, अॅव्हरेज विचारतात, जातात.

बाबा आता शहाऐंशीचे.
व्हरांड्यात बसून नवीकडं पाहतात,
जावयाकडं पाहावं तसं:
माणूस चांगला आहे, पण बोलायचं काय?
जुनीखाली ते रोज रात्री पुठ्ठा सरकवत.
सकाळी त्यावरचे तेलाचे डाग वाचत,
एक थेंब म्हणजे ठीक,
तीन म्हणजे गास्केट,
गोल डबकं म्हणजे कय्यूमला निरोप.

काल रात्री पाहिलं,
नवीखालीही पुठ्ठा होता.
कूलरच्या खोक्याचा, नीट कापलेला.
सकाळी कोरा.
आजही कोरा.
"गळत नाही ती, बाबा," मी म्हटलं.
"दिसून राह्यलं मला," ते म्हणाले,
पुठ्ठा उचलून उजेडाला धरला,
पालथा करून पाहिला,
आणि पुन्हा तिथंच ठेवला,
थोडा डावीकडं.