डबी क्रमांक एकेचाळीस

फ्रीजमध्ये, कैरीच्या लोणच्यामागे
तुझ्या शीची डबी आहे, उर्मी.
निळं झाकण, त्यावर तुझ्या आईच्या अक्षरात
तारीख, वेळ, वय : सात महिने.
सकाळी थर्माकोलच्या खोक्यातून ती परळला नेईन,
टॅक्सीत मांडीवर धरून, खड्ड्याखड्ड्याला सावरत,
तुला नेतो तशीच.

देवरुखकर मॅडम म्हणाल्या,
आतड्यातले स्निग्ध पदार्थ मोजतो आम्ही,
जंतूंनी मोडून उरलेले त्यांचे तुकडे.
स्निग्ध. शब्द घरापर्यंत तोंडात घोळवला.
आमच्याकडे स्निग्ध म्हणजे तूप,
फार तर आत्याची नजर.

रात्री तू गालाने उशी घासतेस.
हातांना मोजे, मोज्यांना रिबिनी,
तरी कानामागे लाल, ओलं.
चादरीवर कोंडा, रव्यासारखा.
सुलक्षणा मलम लावते, मी पंखा वाढवतो,
त्या अंड्याबद्दल कुणी बोलत नाही :
नखाएवढं, मीच भरवलेलं,
मग ओठ, मग पापण्या,
आणि चुनाभट्टीच्या सिग्नलला
हलेचना ती रिक्षा.

"आधी कळेल का? पुढच्या घासाच्या आधी?"
मॅडमनी चष्मा पुसला.
"अजून नाही. शंभर बाळं झाली
की थोडंफार बोलता येईल."
तू एकेचाळिसावी.

दीड वाजलाय. फ्रीज घुरघुरतो.
आत काळोखात, लोणच्याच्या शेजारी,
तुझ्या पोटाने काहीतरी लिहून ठेवलंय
अशा लिपीत, जिच्यातला
दाण्याचा दसुद्धा मला येत नाही.

डाव्या मोज्याची रिबीन सुटलीय.
थांब, बांधतो.