पंधरा शतांश

डाव्या कानाचं ऑपरेशन झाल्यापासून
मला दोन चाकांवर तोल धरता येत नाही.
सायकल शेजारच्या मुलीला दिली
आणि एमडेनच्या एका म्हाताऱ्याकडून ही आणली:
पुढे मोटारसायकलचं तोंड,
मागे बीटल गाडीचं जुनं इंजिन,
चाकं तीन.
सदुसष्टाव्या वर्षी.
समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्यासुद्धा
चरायचं थांबून बघतात.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा फोको आला.
दुसऱ्यांदाही आला.
तिसऱ्यांदा फोनवर म्हणाला,
"फ्राउ हायकेना, दर वेळी मी क्रुमहोर्नच्या टोकापर्यंत येणार नाही.
शनिवारी जुने कपडे घालून बसा."

फोको. सातवी ब.
शेवटून दुसरा बाक, खिडकीकडे.
याला दशांशचिन्ह कधी कळलं नाही.
दोनदा नापास केलं मी,
लाल शाईने, मनापासून.

"इंजिन गार हवं.
गार म्हणजे रात्रभर उभं राहून गार,
विसरलेल्या चहासारखं कोमट नव्हे."
त्याने झाकणाची तार खाली ओढली.
आत तेलात न्हालेले रॉकर,
चार शांत गुडघे.
माझ्या हातात त्याने पात्यांचा जुडगा ठेवला,
पंख्यासारखा उघडणारा.
"यातलं पंधरा शोधा."

शून्य पूर्णांक पंधरा शतांश मिलिमीटर.
फळ्यावर किती हजार वेळा लिहिलं असेल.
बोटांत कधी धरलं नव्हतं.

"सरकलं पाहिजे, पण नाखुशीने."
"नाखुशीने म्हणजे कसं?"
तो थोडा थांबला.
"मी फळ्याकडे यायचो तसं."

पुलीवरची खूण जोडरेषेवर: एक नंबर.
अर्धा फेरा उलटा: दोन.
अजून अर्धा: तीन.
तीन नंबर तापट, म्हणे.
ऑइल कूलर त्याचा वारा अडवतो,
म्हणून जळायचा झाला तर आधी हाच.
वर्गातही असा एक असतो.
मी पातं पुसत राहिले,
वर बघितलं नाही.

मग तळाची जाळी. सहा छोटे नट.
"नुसत्या मनगटाने. पाकीट चिकटवतो तेवढंच."
मी आवळलं
मधल्या सुट्टीनंतर वर्गाचं दार लावायचे तसं.
टक्.
तो खाली वाकला, बघितलं, उठला.
माझी चौकटीची वही ओढली,
जिच्यात मी सगळ्या आकृत्या पट्टीने काढल्या होत्या.
खिशातून सुताराची लाल पेन्सिल काढून लिहिलं:
*चूक. पुन्हा करा.*
आणि खाली, बारीक अक्षरात:
*पद्धतीचे अर्धे गुण.*

तीन तिघाडा काम बिघाडा, असं इथे कुणी म्हणत नाही.
इथे तीन कप चहा हा कायदाच आहे.
खडीसाखरेचा खडा आधी, त्यावर चहा, तडकल्याचा आवाज,
कडेने साय, आणि ढवळायचं नाही.
दुसऱ्या कपाला फोको म्हणाला,
"एक विचारायचं राहिलंच होतं तेव्हा.
आधी शून्य कशाला लिहायचं?
काहीच नसतं तिथे."
मला चाळीस वर्षांची सगळी उत्तरं आठवली.
म्हणाले, "पातं आत जायला जागा लागते ना."
तो हसला नाही.
तिसरा कप स्वतःच ओतून घेतला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही,
मी बोलावलंही नव्हतं.
नवा स्टड, नवं गॅस्केट, अडीच लिटर तेल,
नखांत काळं, गुडघ्याखाली जुनी उशी.
चावी फिरवली तेव्हा
उजव्या कानाने ऐकलं:
टिकटिक आहे, पण ठोका नाही.

तेल अजून थोडं गळतं.
रात्री खाली वर्तमानपत्र पसरते
आणि सकाळी थेंब मोजून वहीत लिहिते.
सोमवारी नऊ.
मंगळवारी सहा.
काल दोन.
आज एक, तोही पुरता नाही;
शून्य पूर्णांक काहीतरी.