माणशी पन्नास लिटर

मंगळवार आणि शुक्रवार.
दोनच वार उरलेत या खोऱ्यात,
बाकीचे पाच नुसते कॅलेंडरवर.

टँकर आला की कुत्री आधी धावतात,
मग बादल्या, मग माणसं.
मी नळी सोडतो, मीटरवर डोळा ठेवतो.
दर अंगणात एकच प्रश्न:
नोल्बेर्तो, आज जरा जास्त?
मी मान हलवतो. कशीही हलवली
तरी त्यांना कळायचं ते कळतं.

तेरा वर्षं झाली.
पूल आहे अजून. त्याच्याखाली पोरं फुटबॉल खेळतात,
पुलाचे दोन खांब म्हणजे गोल.
धाकट्या एलिसेओला एकदा सांगितलं, इथे नदी होती.
तो म्हणाला, मग गेली कुणाकडे?
मी काही बोललो नाही.
समोरच्या टेकडीवर अवोकाडोच्या रांगा,
हिरव्यागार, भांग पाडल्यासारख्या,
दर बुंध्याशी काळी नळी,
रात्रंदिवस ठिबकणारी.
त्या झाडांची शिरगणती
माझ्या वहीत नाही.

रस्ता संपतो तिथे इस्मेनियाचं घर.
ताटं वाळूने घासते,
तोंड धुतलेलं पाणी लिंबाला,
आणि शेळ्यांना आपल्या वाटणीचं.
बाई, हे माणशी आहे, मी म्हणालो, शेळीशी नाही.
मग लिही की घरात पाच माणसं, ती म्हणाली.
मी चार लिहिली.
एवढीच काय ती माझी लाचलुचपत,
बदल्यात वर्षाला एक चीजचा गोळा.

जानेवारीत डोंगरावरून उलटा वारा सुटतो,
भट्टीचं दार उघडावं तसा.
एस्पिनोचे काटे वाजतात.
रेडिओ बजावतो:
गवत कापू नका, वेल्डिंग करू नका,
थोटूक फेकू नका.
काय करा, ते मात्र सांगत नाही.
आम्ही रात्री दोनदा उठून
अंधाराचा वास घेतो, झोपतो.

त्या शुक्रवारी तिसऱ्या वळणावर हात आडवा आला.
बोंबेरो. सगळे बिनपगारी:
पाववाला ओनोफ्रे, शाळेचा शिपाई,
माझ्या मेहुण्याचं पोर, हेल्मेट कानावर घसरलेलं.
मागे डोंगराचा अर्धा अंग धुरात.
माझ्या टाकीत नऊ हजार लिटर,
म्हणजे खालच्या वाडीची शुक्रवारपासून मंगळवारपर्यंतची तहान.
ओनोफ्रेने विचारलं नाही, मीही हो म्हटलं नाही.
नळी जोडली गेली.

अकरा मिनिटं.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
मीटर कुणीच वाचला नाही.
तोंडचं पाणी पळणं म्हणतात,
ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं:
वर गेलं, फुस्स झालं,
पांढरं झालं, नाहीसं.
एक उतार वाचला. दुसरा नाही.
युकॅलिप्टसचं बन तर
आधीच रॉकेल पिऊन बसल्यासारखं होतं.

खालच्या वाडीला तोंड दाखवायची हिंमत होईना.
रिकामा टँकर खडखडत वर चढवला.
इस्मेनिया दारात, कमरेला ओलं फडकं,
शेळ्या घरात, पलंगाभोवती.
पिपात चार बोटं पाणी,
वर राखेची साय.
मी म्हणालो, आज काही नाही.
दिसतंय, ती म्हणाली.
तिने तळव्याने राख बाजूला सारली,
पेला बुडवला, पुढे केला.

तेरा वर्षं या घरी पाणी घालतोय,
कधी घोटभर मागितलं नव्हतं.
प्यायलो. जळक्या पानांची चव,
आणि खाली, खूप खाली,
थोडीशी लिंबाची.

वही काढली. शुक्रवारचा रकाना.
काय लिहू?
लिही, ती म्हणाली, एक पेला. जमा.

बाहेर वारा फिरला होता.
कुठल्या अंगाला, ते अजून
शेळ्यांनाही कळलं नव्हतं.